सर्व्हरवर एनजिनएक्सचं कुठलं व्हर्जन आहे ते असं बघा

एनजिनएक्स म्हणजे वेबसाइट लोकांपर्यंत पोचवणारं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या साइट सांभाळणाऱ्यांना हे रोजच लागतं, टर्मिनलमध्ये एनजिनएक्स लिहून स्पेस द्या, मग डॅश आणि छोटा व्ही, झालं, एका ओळीत व्हर्जन येतं. कॅपिटल व्ही दिला तर कुठले मॉड्यूल टाकून बिल्ड केलंय तेही सगळं दिसतं. अपाची हा दुसरा वेब सर्व्हर असेल तर उबंटू लिनक्सवर अपाची२ आणि रेडहॅटवाल्यांकडे एचटीटीपीडी, पुढे तोच डॅश छोटा व्ही. डेबियनवर कमांड नॉट फाउंड आलं तर लगेच इन्स्टॉल करायला धावू नका, पुढे सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, बघा, बऱ्याचदा नुसता पाथचा, म्हणजे कमांड कुठे शोधायची त्या यादीचा, घोळ असतो.

आता खरी गंमत, हे व्हर्जन डिस्कवरच्या फाइलचं असतं, चालू प्रोसेसचं नाही! अपग्रेड करून नुसतं रीलोड मारलं, म्हणजे फक्त सेटिंग परत वाचायला लावली, तर एनजिनएक्सची जुनी मास्टर (मुख्य) प्रोसेस तशीच चालू राहते, नवीन व्हर्जन चालू व्हायला रीस्टार्ट मारा. खात्री करायची तर कर्ल, डॅश कॅपिटल आय, लोकलहोस्ट असं मारा आणि उत्तरात येणारी सर्व्हर हेडरची ओळ बघा. तिथे नुसतं नाव दिसलं, आकडा नाही, तर कोणीतरी सर्व्हर टोकन्स, म्हणजे व्हर्जन दाखवायची सेटिंग, ऑफ केलेत, आणि ते चांगलंच केलंय.