चादरीचा लाल काठ पसरतो तेव्हा
सोलापुरी चादरीच्या व्हिडिओत लाल काठ पांढऱ्यात फुटल्यासारखा दिसला, तर कापडाला दोष देऊ नका. बहुतेक मोबाइल ४:२:० या रंग-नोंदीच्या पद्धतीत रेकॉर्ड करतात. उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची असते, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच. मोराच्या तुऱ्यातली बारीक लाल रेघ तिथेच विरघळते, आणि विणकराची ती मेहनत दिसलीच पाहिजे! कॅमेऱ्यात ४:२:२ (दर दोन पिक्सेलांना रंगाची एक नोंद) १०-बिट (छटांच्या जास्त पायऱ्या) असेल तर तेच निवडा. नसेल तर ४के (३८४०×२१६० पिक्सेल) काढा, त्यात रंगाचे नमुनेच १९२०×१०८० मिळतात. गिऱ्हाइकाला फाइल ८-बिट ४:२:०, बीटी.७०९ (एचडी व्हिडिओचं नेहमीचं रंगमानक) मध्ये पाठवा. जुन्या फोनवरही सहसा अडत नाही. पण ४केच ठेवा, १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेल) केलं की रंगाचे नमुने पुन्हा ९६०×५४० वर येतात.