अँटिव्हायरस टाकलाय, मग काळजी कसली? जुन्या कॉम्प्युटरबाबत या चुका टाळा

मुलांनी स्वतःचे लॅपटॉप घेतले की घरातला जुना डेस्कटॉप आई-बाबांच्या वाट्याला येतो. लाइट बिल, सातबारा, सोसायटीचे हिशेब, लग्नाचे फोटो, सगळं त्यावरच. त्याच्या सुरक्षेचा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘त्यात आहे काय चोरण्यासारखं?’ आहे की! आधार आणि पॅनचे स्कॅन, ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेले पासवर्ड, आणि जिथून बँकेत लॉगिन होतं तो कीबोर्ड. व्हायरस लिहिणारा तुमचं घर निवडून येत नाही. जे मशीन उघडं सापडेल त्यात तो शिरतो.

विंडोज कोणतं आहे, हेच न बघणं

बहुतेक जण अँटिव्हायरसची मुदत बघतात, विंडोजची बघत नाहीत. विंडोज ७ ला घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं, ८.१ चं १० जानेवारी २०२३ ला, आणि विंडोज १० चं १४ ऑक्टोबर २०२५ ला. तुमच्याकडे कोणतं आहे ते ‘कॉम्प्युटर’ किंवा ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये दिसेल.

याचं महत्त्व मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने, दाखवून दिलं. ते पसरायला कुणी कशावर क्लिक करायची गरज नव्हती. फाइल शेअरिंगच्या सोयीत एक भोक होतं, त्यातून ते एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जात होतं. भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं त्यांच्या फाइल्स कुलूपबंद झाल्या, आणि त्यात बहुतांश मशीन विंडोज ७ ची होती. अँटिव्हायरस आलेली फाइल तपासतो. विंडोजमधलं भोक बुजवणं त्याचं काम नाही.

विंडोज १० वाल्यांना थोडी सवड आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर त्याचा दुवा दिसतो. विंडोज ७ वर मात्र क्रोमसुद्धा १०९ व्या आवृत्तीवर थांबलंय. अशा मशीनवर नेटबँकिंग करू नका. माझ्या मते इथे तडजोडीला जागा नाही, फोनवरून करा.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह थेट लावणं

आपल्याकडे व्हायरस घरात येण्याचा हा जुना आणि अजून चालू असलेला रस्ता. परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, हॉल तिकीट, प्रिंटसाठी पेनड्राइव्ह दुकानात जातो. तिथल्या मशीनला दिवसभर गावातले सगळे पेनड्राइव्ह लागत असतात. घरी येऊन बघावं तर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात.

हा शॉर्टकट व्हायरस मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग तुमचा फोल्डरही उघडतो. काम झालं म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि तोवर घरचा कॉम्प्युटर बाधित झालेला असतो.

इथे घाईघाईत फॉरमॅट मारू नका. फाइल्स बहुधा जाग्यावरच असतात, फक्त दिसत नाहीत. शॉर्टकटला हात न लावता आधी पूर्ण पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि त्याच यादीतली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. त्यांच्या आतले फोटो आणि कागदपत्रं तेवढी नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि त्यानंतर पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. स्वच्छ केलेला पेनड्राइव्ह लावल्यावर पुन्हा शॉर्टकट तयार झाले, तर व्हायरस कॉम्प्युटरमध्ये आहे असं समजा.

प्रिंटसाठी एक वेगळा, रिकामा पेनड्राइव्ह ठेवा आणि त्यात त्या दिवशी लागणारी पीडीएफ तेवढीच टाका. आयुष्यभराचे फोटो असलेला पेनड्राइव्ह दुकानात न्यायचाच कशाला?

क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटर

‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा.’ विकतचं सॉफ्टवेअर पैसे न भरता चालवून देणाऱ्या जवळपास प्रत्येक क्रॅकसोबत ही सूचना असते आणि लोक ती निमूटपणे पाळतात. चोराने दार उघडायला सांगावं आणि आपण कडी काढून द्यावी, तसा हा प्रकार. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः याच वाटेने घरगुती कॉम्प्युटरमध्ये गेलं. सगळ्या फोटोंच्या नावामागे अनोळखी शेपूट (एक्स्टेंशन) लागतं, ते उघडत नाहीत आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी.

मराठीत काम करणाऱ्यांचा इथे एक खास प्रश्न आहे. जुनी पत्रिका, जुना दिवाळी अंक जुन्या फॉन्टमध्ये असतो, त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून कुठूनतरी त्याचा क्रॅक उतरवला जातो. त्यापेक्षा ते जुनं मशीन तसंच ठेवा, पण त्याची नेटची वायर काढून टाका. नवं लिखाण युनिकोडमध्ये, म्हणजे खास फॉन्टशिवाय कुठेही वाचता येणाऱ्या पद्धतीत करा. विंडोज १० मध्ये मराठी कीबोर्ड आहेच, आणि ऑफिसच्या चोरीव प्रतीऐवजी लिब्रेऑफिस फुकट मिळतं.

एकावर एक दोन अँटिव्हायरस

संरक्षण दुप्पट होत नाही. दोघं एकाच फाइलवर झडप घालतात आणि दोन जीबी रॅमचं मशीन गुदमरतं. विंडोज १० मधला डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस आहे. विंडोज ७ मधला तसा नव्हता, तो फक्त स्पायवेअर शोधायचा. नाव तेच असल्याने गैरसमज होतो.

कोपऱ्यातल्या सूचनांना घाबरणं

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ असं कोपऱ्यात वारंवार येत असेल, तर बहुधा कुठल्यातरी साइटवर ‘अलाउ’ दाबलं गेलंय. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडा आणि अनोळखी साइट्स काढून टाका.

पूर्ण स्क्रीनभर लाल इशारा, भोंगा आणि खाली फोन नंबर, हा प्रकार वेगळा आहे. त्या नंबरवर फोन करू नका. कुठलीही कंपनी असा इशारा देऊन फोन करायला सांगत नाही. ऑल्ट आणि एफ-४ दाबा; नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीतून, ब्राउझर बंद करा. पलीकडच्याला रिमोट अ‍ॅपने स्क्रीन दिली गेली असेल आणि पैसे गेले असतील, तर लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

तारीख चुकते, त्याला व्हायरस समजणं

प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येतंय, अँटिव्हायरस अपडेट होत नाहीये? आधी घड्याळ बघा. जुन्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की मशीन बंद केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग साइट्सच्या सुरक्षा प्रमाणपत्रांची मुदत जुळत नाही. सीआर २०३२ हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो बदला आणि तारीख नीट लावा. एवढ्यासाठी फॉरमॅटचे पैसे मोजू नका.

मशीन नुसतं हळू झालं असेल तरी संशय आधी हार्ड डिस्कवर घ्या. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम शंभर टक्के दिसत असेल, तर एसएसडीने (जुन्या हार्ड डिस्कऐवजी बसणाऱ्या वेगवान डिस्कने) जो फरक पडेल तो स्कॅनने पडणार नाही.

बाधा झाल्यावर घाईत लॉगिन करणं

खरंच व्हायरस असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी वायफाय किंवा वायर बंद करा. पासवर्ड बदलायचे ते त्याच मशीनवरून नाही, फोनवरून. त्यातही ईमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीचे पासवर्ड त्यावरूनच परत मिळवता येतात. मग विंडोज १० च्या डिफेंडरमधला ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडू शकतं. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत सफाईची टूल्सही आहेत.

फाइल्स कुलूपबंद झाल्या असतील तर पैसे भरू नका आणि त्या फाइल्स पुसूही नका. ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाच्या साइटवर काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात. बॅकअपची हार्ड डिस्क मात्र कायम जोडून ठेवू नका. कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा, नाहीतर मूळ फाइल्सबरोबर तीही कुलूपबंद होते.

आणि विंडोज ७ च्या त्या मशीनचं काय करायचं? प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम चार जीबी असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. पेनड्राइव्हवरून ते इन्स्टॉल न करताही चालवता येतं. प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग जमतंय का ते आधी तपासा, आणि हार्ड डिस्क पुसण्यापूर्वी फोटोंची एक प्रत बाहेर काढा.