लघवीला आग म्हणजे उन्हाळीच? लहान मुलांच्या बाबतीत या चुका टाळा

"डॉक्टरसाहेब, उन्हाळी लागलीया हिला. धन्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, तरी शू करताना रडतीया." चार वर्षांच्या नातीला घेऊन आलेल्या कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या आजींच्या पिशवीत अँटिबायोटिकच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. लघवीचा रिपोर्ट मात्र दोन्ही वेळा स्वच्छ. इथंच पहिली चूक होते: रिपोर्ट स्वच्छ असूनही तेच औषध पुन्हा दिलं जातं.

मी विचारलं, "रात्री खाजवते का?"

"तर! झोपूच देत न्हाई."

जंत होते. सुतासारखे पांढरे, जेमतेम सेंटिमीटरभर. मादी रात्री शीच्या जागेबाहेर येऊन अंडी घालते. मुलींमध्ये हे जंत पुढे सरकतात आणि शूच्या जागी आग होते. शौचाच्या तपासणीत ते बहुधा सापडत नाहीत. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहा, किंवा सकाळी शी-अंघोळीच्या आधी तिथं पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती डॉक्टरांना दाखवा.

दुसरी चूक म्हणजे एकट्या मुलाला एकच डोस देणं. औषधानं अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, आणि तोही घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. वयानुसार डोस डॉक्टर ठरवतील. घरात गरोदर बाई असेल तर आधी सांगा. अंगणवाडीत जंतनाशक दिनी गोळी मिळाली म्हणून हे टाळू नका. नखं कापा, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात धुवा.

बद्धकोष्ठता तर कुणी विचारतच नाही. आपल्याकडं दुधाचं कौतुक फार. पोर दिवसभर दुधावर राहतं, शी खडा होते, मूत्राशयावर दाब येतो आणि दर दहा मिनिटांनी शू. आधी पोट साफ होऊ द्या.

फेसाळ साबणानंही आग होते; साधं पाणी पुरे. मुलीची शूची जागा चिकटलेली दिसली किंवा मुलाची कातडी मागे जात नसली, तर हातानं ओढू नका.

ताप असेल तर अँटिबायोटिकच्या आधी लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवा. धार बारीक असेल किंवा रक्त दिसलं तर लगेच दाखवा.

आणि कोरडं झोपणारं पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सारखं पाणी मागतंय, वाळत चाललंय, तर त्याला रागावू नका. मधुमेह तर नाही ना, हे पाहायला त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर रात्रीच कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं रुग्णालय गाठा.