परदेशातून परतल्यावर आरोग्य विमा ‘नवा’ झाला? माझा अनुभव

लक्षण: पॉलिसी चालू, पण सुरू झाल्याची पहिली तारीख यंदाची आणि मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजाराचा दावा मिळत नाही) पुन्हा 36 महिने. परदेशी गेल्यावर बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) होताना हप्त्याचं ऑटो-डेबिट तुटलं. मुदत संपल्यावर 22व्या दिवशी हप्ता भरला, तर कंपनीनं नवा पॉलिसी क्रमांकच दिला. कॉल सेंटर, एजंट, दोन्ही निरुपयोगी. डोकं फिरलं.

वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत मुदत असते. तेवढ्यात भरला तर सातत्य टिकतं, म्हणजे जुनी तारीख आणि झालेला प्रतीक्षाकाळ कायम राहतो. (मधल्या दिवसांतल्या उपचाराला मात्र संरक्षण नाही.)

आधी सगळ्या वर्षांची पॉलिसी शेड्यूल्स (तारखा आणि तपशिलांची पानं) आणि बँकेची हप्ता-नोंद एका पीडीएफमध्ये जोडली. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल: मुदत संपल्याची तारीख, भरल्याची तारीख, मागणी एकच, मूळ तारखेचं एन्डॉर्समेंट (पॉलिसीत अधिकृत दुरुस्ती). 14 दिवस उत्तर नाही, म्हणून विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ तक्रार पोर्टलवर तीच फाइल. दुरुस्त शेड्यूल आलं.