टेक लाइव्ह बसवताना ‘परमिशन डिनाइड’ आलं तर काय करावं

लिनक्सवर टेक लाइव्ह (लाटेक वगैरे टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरचा संच) बसवताना ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही, असं दिसलं की बरेच जण त्याच कमांडच्या आधी सुडो (रूट म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावून मोकळे होतात. काम होतं, पण फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढे प्रत्येक अपडेटला तेच दुखणं उभं राहतं. म्हणून आधी फोल्डरचा मालक कोण ते पाहा.

वेगळी जागा दिली नाही तर इन्स्टॉलर /यूएसआर/लोकल/टेकलाइव्ह या जागी लिहायला जातो, आणि /यूएसआर/लोकल सहसा रूटचं असतं. ‘एलएस -एलडी’ पुढे फोल्डरचा पत्ता देऊन चालवा. तिसऱ्या रकान्यात मालकाचं नाव येतं.

मला सगळ्यात पटणारा उपाय असा: ‘सुडो एमकेडीआयआर’ने टेकलाइव्ह फोल्डर तयार करा, ‘सुडो चोन’ने तो स्वतःच्या नावावर करून घ्या आणि मग इन्स्टॉलर सुडोशिवाय चालवा. नंतर टीएलएमजीआरने (टेक लाइव्हचं अपडेट करणारं साधन) अपडेट करतानाही पासवर्ड लागत नाही. ‘सीएचमॉड ७७७’ मात्र कृपा करून वापरू नका; त्याने फोल्डर मशीनवरच्या प्रत्येकाला लिहायला मोकळा होतो.

अ‍ॅडमिनचे अधिकारच नसतील तर इन्स्टॉलरच्या मेनूत ‘डी’ दाबून होम फोल्डरमधली जागा द्या. पूर्ण संच सात जीबीहून मोठा आहे. तुम्हाला मिळालेली डिस्कची जागा कमी असेल तर लहान स्कीम (कमी पॅकेजेसचा संच) निवडा.

सुडोच म्हणालं, की तुमचं नाव सुडोअर्स फाइलमध्ये (सुडो कोणाला वापरता येईल ते ठरवणारी फाइल) नाही? डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड ठेवला असेल तर असं होतं. रूट म्हणून ‘यूजरमॉड -एजी सुडो’ आणि पुढे आपलं नाव द्या. फेडोरावर गटाचं नाव व्हील. यातला ‘ए’ विसरू नका, नाहीतर बाकीच्या गटांतून नाव निघून जातं. मग लॉगआउट करून परत लॉगिन करा, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

रूटच्या मालकीच्या संचावर ‘सुडो टीएलएमजीआर’ दिलं आणि ‘कमांड नॉट फाउंड’ आलं, तर बिघाड परवानगीचा नाही. सुडो बहुतेक ठिकाणी स्वतःचा ठरलेला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) वापरतं, तुमचा नाही. टीएलएमजीआरचा पूर्ण पत्ता लिहा.

आधी सुडोने लुआलाटेक (संचातला लाटेकचा एक प्रकार) चालवलं असेल, तर कधी कधी होममधला फॉन्ट कॅशे (फॉन्टची साठवलेली माहिती) रूटचा होऊन बसतो. ‘सुडो चोन -आर’ने तो फोल्डर परत स्वतःकडे घ्या.

एपीटीने (डेबियन, उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन) बसवलेल्या संचाला इन्स्टॉलर आणि टीएलएमजीआरबद्दलचं हे लागू नाही. त्याचे अपडेट एपीटीनेच करा.