टीसीआर समजून घ्यायचा तर एकच पेप्टाइड धरा

बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी.ला नव्याने आलेल्यांची इम्युनॉलॉजीत हमखास गाडी अडते ती हेल्पर टी पेशींपाशी. अँटिबॉडी अख्ख्या विषाणूला जाऊन चिकटते, तसंच टी पेशीवरच्या टी सेल रिसेप्टरचंही (टीसीआरचंही) असणार, असं धरून चालतात. पण टीसीआरला अख्खा विषाणू दिसतच नाही. प्रतिजन सादर करणाऱ्या पेशीने विषाणूचं प्रथिन एंडोसोममध्ये तोडलेलं असतं. त्यातला एखादा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, एमएचसी क्लास टू या तुकडे दाखवणाऱ्या प्रथिनाच्या खोबणीत बसून पेशीच्या पृष्ठभागावर आला, की तेवढाच त्याला दिसतो.

बडोद्याला एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकताना मी पाठ्यपुस्तकातली आकृती बाजूला ठेवून एकच पेप्टाइड धरून बसले होते. इन्फ्लुएंझाच्या हीमॅग्लुटिनिन या पृष्ठभागावरच्या प्रथिनातला ३०६ ते ३१८ हा तेरा अमिनो आम्लांचा तुकडा, दर आम्लाला एक अक्षर धरून: पी-के-वाय-व्ही-के-क्यू-एन-टी-एल-के-एल-ए-टी. एचएलए-डीआर१ या माणसातल्या क्लास टू एमएचसीमध्ये तो कसा बसतो आणि वरून टीसीआर त्याला कसा भिडतो, याची रचना प्रोटीन डेटा बँकेत १एफवायटी या क्रमांकाखाली फुकट मिळते. त्यासाठी लॅब लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. वर्गात इंग्रजी, मैत्रिणींत गुजराती आणि दांडिया बाजारातल्या घरी मराठी, अशा खिचडीत ती फिरणारी रचना मला कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त कळली.

आता नीट बघा. ३०८ वरचा वाय (टायरोसिन) खोबणीतल्या पहिल्या खोल खळग्यात रुततो. ३११, ३१३ आणि ३१६ यांच्याही बाजूसाखळ्या खालीच वळतात. ३०९, ३१०, ३१२ आणि ३१५ यांची तोंडं मात्र वर, टीसीआरकडे. म्हणजे त्याच तुकड्यातली काही अक्षरं एमएचसी वाचतं, तर काही टीसीआर. विषाणूत ३०८ ला बिघाडणारं म्युटेशन झालं तर तुकडा नीट बसतच नाही. ३१० ला झालं तर तुकडा बसेल, पण जुनी टी पेशी कदाचित त्याला ओळखणार नाही. सीएसआयआर नेट परीक्षेच्या पार्ट सीची तयारी करताना असे प्रश्न स्वतःच तयार करून सोडवा.

टीसीआरच्या टोकावरच्या सीडीआर नावाच्या वळशांपैकी सीडीआर१ आणि सीडीआर२ बहुतांशी एमएचसीच्या हेलिक्सवर टेकतात, पेप्टाइडची मुख्य तपासणी सीडीआर३ करतो. ही पकड ढिली असते, मायक्रोमोलर पातळीची, म्हणून फ्लो सायटोमेट्रीत अशा टी पेशी शोधताना एकेरी एमएचसी वापरून भागत नाही, चार एमएचसी जोडलेला टेट्रामर लागतो.

पुढे एलिस्पॉट, म्हणजे पेप्टाइडला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी मोजायची चाचणी, करायची वेळ आली, की पंधरा-पंधरा आम्लांची, अकरांनी एकमेकांवर चढणारी पेप्टाइडं मागवतात. क्लास टूची खोबणी दोन्ही टोकांना उघडी असते. मधला गाभा नऊ आम्लांचा, बाकीची टोकं बाहेर लोंबतात. अकरांचं ओव्हरलॅप ठेवलं की कुठलाही नऊचा गाभा निदान एका पेप्टाइडमध्ये अखंड सापडतो. ३०६–३१८ माणसागणिक बदलणाऱ्या डीआरच्या बऱ्याच प्रकारांत बसतो, पण सगळेच तुकडे इतके मनमिळाऊ नसतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी रक्तदात्यांचं एचएलए टायपिंग झालंय का, हे गाइडना विचारा. झालं नसेल तर सुटं पेप्टाइड नको, अनेक पेप्टाइडं एकत्र केलेला पूलच मागवा.