पाच दिवस स्टिरॉइड देऊनही पाय हलत नाहीयेत? एमएसच्या जबर रिलॅप्समधे पुढे काय करायचं

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला एमएसचा (मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) असा रिलॅप्स, म्हणजे नवा अटॅक, आला की सोमवारी पायाला मुंग्या आणि शुक्रवारी कमरेखाली काहीच हलेना, लघवी तुंबली, नळी टाकावी लागली. पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड झालं, "याला वेळ लागतो, महिन्याने दाखवा" म्हणाले आणि आम्ही तिला अक्षरशः उचलून गाडीत ठेवून घरी आणलं. घरी अकरा दिवस गेले, काही फरक नाही, मग दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे फाइल दाखवली तर त्यांचा पहिलाच प्रश्न, प्लाझ्मा एक्सचेंजचं कोणी बोललं नाही का? रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, मशीनने काढून बदलण्याचा हा उपचार, आम्ही तो शब्दच पहिल्यांदा ऐकत होतो. म्हणून हे लिहितोय. औषधाचा निर्णय डॉक्टरच घेणार, पण कुठला प्रश्न कधी विचारायचा हे घरच्यांना ठाऊक हवं, कारण या सगळ्यात दिवस फार महत्त्वाचे असतात.

आधी हे बघा की हा खरा रिलॅप्सच आहे ना. नवीन त्रास किंवा जुना वाढलेला त्रास 24 तासांपेक्षा जास्त टिकला, ताप नाही, इन्फेक्शन नाही, आणि मागच्या रिलॅप्सनंतर निदान महिना गेलाय, तर तो रिलॅप्स धरतात. एमएसवाल्यांना मे महिन्याच्या उन्हात, तापात, लघवीच्या इन्फेक्शनमधे जुनी लक्षणं परत उसळून येतात आणि अगदी रिलॅप्ससारखंच वाटतं, पण अंग थंड झालं, इन्फेक्शन गेलं की ती उतरतात. त्यामुळे स्टिरॉइड सुरू करायच्या आधी लघवीची तपासणी करून घ्याच. इन्फेक्शन असताना स्टिरॉइड दिलं तर ते उलट भडकू शकतं, आणि आपल्याकडे घरात कोणाला टीबी झालेला असेल तर तेही न विचारता सांगा.

नेहमीचा उपचार म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन, रोज 1 ग्रॅम, 3 ते 5 दिवस, शिरेतून. फ्रान्समधे 2015 ला एक मोठी ट्रायल आली, त्यात तेवढाच डोस गोळ्यांनी दिला तरी शिरेतून देण्याइतकाच उपयोग झाला, त्यामुळे गोळ्या लिहून दिल्या तर घाबरू नका, फक्त डोस तेवढा मोठा आहे ना हे विचारा. साखर वाढते, झोप उडते, चिडचिड होते, डायबेटीस असेल तर त्या दिवसांत साखर सारखी तपासावी लागते. आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, स्टिरॉइडने रिकव्हरी लवकर होते, पण शेवटी किती भरून येईल यावर त्याचा फारसा फरक पडत नाही. म्हणजे पहिल्या कोर्सला अजिबात दाद नसेल तर तेच ते परत परत देत राहण्यात वेळ जातो. काही डॉक्टर एकदा वाढीव डोस, दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत, देऊन बघतात, ते चुकीचं नाही, पण ते चालू असतानाच पुढची तयारी विचारून ठेवायची.

पुढची पायरी म्हणजे प्लाझ्मा एक्सचेंज. हे सगळ्यांसाठी नाही हं. थोडा बधीरपणा राहिला, थोडी चक्कर राहिली तर एवढं मोठं काही करत नाहीत. चालता येत नाहीये, डोळ्याची नजर गेलीय, हात उचलत नाही, गिळता येत नाही, आणि स्टिरॉइड होऊनही तसंच आहे, अशांसाठी ते आहे. हळूहळू वर्षानुवर्षं वाढत जाणारा प्रोग्रेसिव्ह एमएस असेल आणि नवीन अटॅक नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, कोणी त्यासाठी पैसे भरायला सांगत असेल तर दुसरं मत घ्या.

यामागचं मुख्य काम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचं, 1999 चं. 22 पेशंट होते, सगळे एमएसचेच नव्हते, पण सगळ्यांना जबर अटॅक आणि स्टिरॉइड फेल. 14 दिवसांत 7 सेशन. खरं एक्सचेंज झालं त्यातल्या साधारण 42 टक्के वेळा चांगली सुधारणा दिसली, आणि तुलनेसाठी खोटं एक्सचेंज, म्हणजे मशीन लावलं पण प्लाझ्मा बदललाच नाही, तिथे फक्त 6 टक्के. म्हणजे हमखास नाहीच, निम्म्याहून थोड्या कमी जणांना दाद मिळते, पण ज्या माणसाचे पाय गेलेत त्याच्यासाठी एवढी शक्यता मोठी आहे. त्यांच्याच 2002 च्या कामात दिसलं की लवकर सुरू केलेल्यांना आणि गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, म्हणजे रिफ्लेक्स शाबूत आहेत, अशांना जास्त फायदा होतो. म्हणून स्टिरॉइडच्या शेवटच्या बाटलीच्या दिवशीच विचारा, "डॉक्टर, फरक पडला नाही तर प्लाझ्मा एक्सचेंज कधी आणि कुठे करायचं?" डिस्चार्ज घेऊन घरी गेल्यावर नाही.

ते सुरू व्हायच्या आधी एक रक्त काढून ठेवा, हे विसरू नका. अॅक्वापोरिन-4 आणि मॉग या दोन अँटीबॉडीजची, म्हणजे आपल्याच नसांवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची टेस्ट. पहिली एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) या आजारात सापडते, दुसरी मॉगच्या आजारात, आणि हे दोन्ही आजार एमएससारखेच दिसतात, स्टिरॉइडला दाद न देणारा जबर अटॅक असेल तर ही शंका घ्यायलाच हवी, आणि एक्सचेंजमधे अँटीबॉडीजच धुवून जातात त्यामुळे नंतर टेस्ट केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. एनएमओ असेल तर एक्सचेंज अजूनच लवकर लागतं, आणि एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड, तिथे आजार बिघडवतात. लॅबला सेल बेस्ड पद्धतीनेच करा म्हणून सांगा.

आता प्रत्यक्ष काय होतं. मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत डायलिसिसला टाकतात तशी लाइन टाकतात. निवड असेल तर मानेतली मागा, जांघेतली असली की बसणं, फिजिओ सगळं अडतं. रक्त मशीनमधे जातं, पेशी परत येतात, पिवळा प्लाझ्मा टाकून देतात आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन (रक्तातल्याच एका प्रथिनाचं द्रावण) देतात. 60 किलोच्या माणसात प्लाझ्मा साधारण अडीच लिटर, एका वेळी तेवढा किंवा त्याच्या दीडपट बदलतात. एका सेशनला रक्तातल्या साठ टक्क्यांहून जास्त अँटीबॉडीज जातात, पण टिश्यूमधल्या परत रक्तात येतात, म्हणून एक दिवसाआड, एकूण 5 ते 7 सेशन. दोन-तीन तास लागतात. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या की लगेच सिस्टरना सांगायचं, रक्त गोठू नये म्हणून जे औषध वापरतात त्याने कॅल्शियम उतरतं, कॅल्शियम दिलं की थांबतं. एमएसच्या पेशंटला मुंग्या रोजच्याच, त्यामुळे माझी बहीण गप्प बसली होती आणि मग हातात पेटके आले. बीपी खाली जाऊ शकतं. थंडी वाजून ताप आला तर लाइनचं इन्फेक्शन असू शकतं, लपवू नका. हिरड्यांतून रक्त येतंय का तेही बघायचं, कारण गोठवणारी प्रथिनंही धुतली जातात.

बीपीसाठी रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा, अल्ब्युमिनबरोबर बीपी धाडकन पडू शकतं म्हणून ती निदान एक दिवस आधी थांबवतात. रोजच्या गोळ्या सेशन झाल्यावर द्यायच्या. रिटुक्सिमॅब किंवा आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटीबॉडीजची औषधं) द्यायचा विचार असेल तर ते एक्सचेंजच्या नंतर, नाहीतर एवढं महाग औषध मशीनमधून पिशवीत जाईल.

मशीनचं म्हणाल तर "आमच्याकडे नाही" हे पहिलं उत्तर शेवटचं धरू नका. एक्सचेंज दोन प्रकारे होतं, ब्लड बँकेतल्या सेंट्रिफ्यूज मशीनवर किंवा डायलिसिस विभागात खास फिल्टर लावून. न्यूरोवाल्यांनी नाही म्हटलं तरी नेफ्रोलॉजीत विचारा, आमचं काम तिथेच झालं. खर्चाचा मोठा भाग अल्ब्युमिनचा, त्यामुळे एस्टिमेट मागताना किट वेगळं आणि अल्ब्युमिन वेगळं लिहून घ्या, इन्शुरन्सच्या मंजुरीला तेच लागतं. अल्ब्युमिनऐवजी एफएफपी, म्हणजे रक्तदात्यांचा गोठवून ठेवलेला प्लाझ्मा, स्वस्त पडतं, पण त्यात अॅलर्जीचा आणि रक्तातून येणाऱ्या आजारांचा धोका जास्त, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा.

काहींना दुसऱ्या-तिसऱ्या सेशनलाच फरक दिसतो. बहिणीचा उजव्या पायाचा अंगठा चौथ्या सेशनच्या रात्री हलला, आई "दोनदा हलवून दाखव" म्हणाली आणि वॉर्डातच रडायला लागली. पण काही दिसलं नाही तरी लगेच हात टेकू नका, काहींची सुधारणा नंतरच्या आठवड्यांत येते. या काळात दर दोन तासांनी कूस बदलणं, पायात गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन आणि पलंगावरच फिजिओ पहिल्या दिवसापासून.

आणि हो, एक्सचेंज हा अटॅक विझवतं, पुढचा थांबवत नाही. एवढा जबर रिलॅप्स आला म्हणजे चालू औषध पुरत नाहीये का हा प्रश्न डिस्चार्जच्या आधीच काढा, आणि जास्त ताकदीचं औषध सुरू करायचं असेल तर हिपॅटायटिस बी आणि टीबीच्या टेस्ट तिथेच उरकून घ्या.

डिस्चार्ज समरीत किती सेशन झाले, किती प्लाझ्मा बदलला आणि कितव्या सेशनला काय हललं हे तारखेसकट लिहून मागा. आमच्या समरीत आधी फक्त "एक्सचेंज केले" एवढंच होतं, मी परत जाऊन लिहून आणलं. त्याची एक झेरॉक्स घरच्या फाइलमधे आहे, एक बहिणीच्या पर्समधे.